नवा ढीग

पहिल्या दिवशी सार्जंट त्सेरेनपिलने ट्रक दाखवलेच नाहीत.
आम्हा अठरा जणांना गवतात चालायला लावलं,
एकामागे एक, मध्ये पन्नास पन्नास पावलं.
म्हणाला, पुढच्याची पाठ दिसली पाहिजे,
पण त्याच्यावर पडेल ते तुझ्यावर पडता कामा नये.
वारा कान उपटत होता.
माझ्यापुढे ल्हामजाव, म्हणजे त्याच्या टोपीचा ठिपका.
हाक मारली तर अर्धीच पोचायची.

मग सहा ट्रक आले, जुने, रशियन,
रात्री ज्यांच्या बॅटऱ्या काढून
आम्ही अंथरुणाशेजारी घेऊन झोपायचो.
पोत्यांत वाळू.
"वाळू नाही," तो ओरडायचा, "पीठ आहे!
तिकडे कुणीतरी भांडं घेऊन उभं आहे."

थांबायचं नाही.
थांबावंच लागलं तर उतरायचं नाही.
आधी काचेतून पाच मीटर बघ,
मग दार उघड, मग पंचवीस.
पोर रस्त्यात उभं असेल तर का उभं आहे ते बघ.
गाव आहे आणि रस्त्यात एकही पोर नाही,
तर ते जास्त बघ.

आणि दगड.
काल नव्हता तो ढीग आज दिसला,
तर तो ढीग नाही.

मागे कुणीतरी हसलं.
आमच्याकडे खिंडीच्या माथ्यावर दगडांचा ढीग म्हणजे ओवू.
गाडी थांबवायची, तीन प्रदक्षिणा घालायच्या,
आपला एक दगड ठेवायचा.
फारच घाई असेल तर तीनदा हॉर्न.
मी निघालो तेव्हा आईने चाकांवर दूध शिंपडलं
आणि पहिल्या ओवूपाशी थांब म्हणाली, एवढंच.
सार्जंट हसला नाही.
"तिथे, नाईलच्या काठी," तो म्हणाला,
"ओवू कुणी बांधत नाही."

अकराव्या दिवशी तिसऱ्या ट्रकचं चाक मुंखजिनच्या हाती,
मी शेजारी, रायफलीत पोकळ काडतुसं.
रेडिओ खरखरला. पहिला ट्रक:
"उजवीकडे दगड. निळं कापड. काल नव्हतं."
सगळे ब्रेक एकदम.
पाच मीटर. दार. पंचवीस मीटर.
लाल धूर सोडला, तो वाऱ्याने
आमच्याच नाकात आणून घातला.

धुरातून मोटरसायकलवर एक म्हातारा आला.
हात वर केला तरी थांबला नाही,
आम्ही त्याला ओळखीचेच वाटलो असणार.
दोर्लिगजाव नाव. मागे आयरागचा प्लास्टिकचा कॅन बांधलेला.
"मी रचला," म्हणाला, "परवा.
नातू मोटार चालवायला शिकला, म्हणून."
मग आमच्या दुर्बिणींकडे बघून,
"आणि तुम्ही काय शिकताय?"
"मोटार चालवायला," मुंखजिन म्हणाली.
त्याने तिला वाटीभर ओतून दिलं.
तिने सार्जंटकडे बघितलं आणि पिऊन टाकलं.

सार्जंटने वहीत लिहिलं: पहिला ट्रक, पैकीच्या पैकी.
घड्याळ बघितलं.
"इंजिनं चालू ठेवा," म्हणाला, "आणि अंतर सोडू नका."

ढीग गुडघ्याएवढा, अंतर पन्नास पावलांचं.
म्हणून एका वेळी एकच जण.
बाकीचे गवतात लांबच लांब रांगेत, मुठीत आपापला दगड,
आणि ल्हामजाव प्रदक्षिणा मोजताना चुकला,
चार घातल्या.
अठरा जणांना जवळपास तास लागला.
डिझेल जळत होतं.

सगळ्यात शेवटी सार्जंट.
पाच मीटरवर आला आणि थांबला.
डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं,
मग कापडाची गाठ, मग गाठीखालची माती,
आमच्या अठरा जोडी बुटांनी तुडवलेली.
पुढे काही गेला नाही.
तिथूनच त्याने आपला दगड टाकला.

तो ढिगावर ठरला नाही, घरंगळला.
म्हातारा गुडघ्यावर हात टेकून वाकला,
दगड उचलला, त्यावरची माती झग्याला पुसली,
आणि वर ठेवला.